कोपराएवढं पाणी

आषाढात अब्बांचा उजवा हात गेला आणि तळं माझ्या अंगावर आलं.

हात गेला म्हणजे होता जागच्या जागीच, पण ओल्या दोरासारखा खाटेवरून खाली लोंबायचा. पहाटेच्या नमाजाला उठले आणि तोटीच्या लोट्यासकट अंगणात कोसळले. मैमनसिंगच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचं काही ऐकत नव्हते. जीभ जराशी जड झाली होती, तेवढंच. डोकं शाबूत आहे असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. त्यांची खाट आम्ही मागच्या पडवीत टाकली. तिथून केळी दिसत, केळींच्या फटीतून तळ्याचा काठ दिसे. पाणी दिसत नसे.

माझा नवरा गाजीपूरला शर्टांच्या कारखान्यात. तो चार दिवस राहिला आणि परत गेला. घरात उरलो आम्ही: अम्मा, म्हणजे माझी सासू, धाकटी नणंद नाहार, मी, आणि माझी सात महिन्यांची टुनी. अम्मांच्या गुडघ्यांना घाटाच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. नाहारचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं, आणि लग्न ठरलेल्या मुलीनं डोक्यावर शेणाची पाटी घेऊन हिंडायचं नसतं. मग राहिलं कोण?

मी बुटकी आहे. मला बघायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, हातेम मियाँच्या घरात ही सून म्हणजे ताडाखाली मेथीची जुडी. हातेम मियाँ म्हणजे अब्बा, माझे सासरे, खरंच ताडासारखे. फणस उतरवायला गावात सगळ्यांना शिडी लागे, अब्बांना नुसता हात वर करावा लागे. लोक मागून त्यांना बगळा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तळं दोन भावांचं, सामाईक. अब्बांचं आणि धाकट्या चाचांचं. रोस्तम चाचांचा जीव मात्र सडकेकडेच्या स्वतःच्या तीन तळ्यांत. तिथे पोत्यातलं तयार खाद्य पडतं आणि सहा महिन्यांत तिलापिया मासळी थाळीएवढी होते. आमच्या तळ्याला पोतं माहीत नव्हतं. शेण, थोडा युरिया, थोडं दाणेदार खत, यांवर पाणी हिरवं व्हायचं आणि त्या हिरवेपणावर मासे वाढायचे. वरून रोज सकाळी भाताचा कोंडा आणि रात्रभर भिजलेली मोहरीची पेंड. अब्बा म्हणत, माशाला आपण पोसत नाही, आपण पाण्याला पोसायचं, पाणी माशाला पोसतं. कटला पाण्याच्या वरच्या अंगाला चरायचा, रोहू मधल्या, मृगळ तळाच्या गाळात तोंड घालून. तिलापिया शेजारणीसारखी, कुणाच्याही घरात शिरणारी आणि मिळेल ते खाणारी. दर महिन्या-दोन महिन्यांनी जाळं ओढलं की तिलापिया भावकीत वाटली जाई. बाकीचे मासे तोलून मापून काढले जात. दोन रोहू मात्र दर वेळी परत पाण्यात सोडले जात.

ते नाहारचे होते. आमच्याकडे हळदीला मुलीच्या घरून रोहूंची जोडी जाते, एकाला लुंगी आणि टोपी, दुसरीला लाल साडी आणि नाकात नथ. थोरल्या दोन्ही नणंदांच्या हळदीला जोडी ह्याच तळ्यातून गेली. नाहारनं दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी अब्बांनी बोटाएवढी पिल्लं सोडली आणि त्यातून ही दोन राखली. एकाच्या शेपटीला खाच होती, तो नवरा. दुसरीचे कल्ले लालसर, ती नवरी. आता मांडीएवढी झाली होती दोघं. दवाखान्यातून घरी आणताना रिक्षा-गाडीत अब्बा एवढंच म्हणाले होते, मार्गशीर्षापर्यंत पाणी नीट राहायला पाहिजे.

त्यांनी मला खाटेवरून तळं शिकवलं. सुनेलाही ते लेकीसारखं मा म्हणत. शेण तीन दिवस रांजणात भिजवायचं, चौथ्या दिवशी पातळ करून काठाकाठानं फिरत टाकायचं, एका जागी ओतायचं नाही. आभाळ असेल त्या दिवशी काहीच टाकायचं नाही, कारण ऊन नसलं की पाण्याला पचत नाही. पेंडीचा गोळा ठरल्या जागी, बांबूच्या चौकटीतच सोडायचा, म्हणजे माशांना पान कुठे वाढलंय ते कळतं. आणि रोज सकाळी पाणी बघायचं. ते मात्र डोळ्यांनी नाही.

“कोपरापर्यंत हात बुडव, तळवा वर करून,” अब्बा म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी आपल्या उजव्या कोपराला बोट लावून दाखवलं. “तळवा दिसला तर पाणी उपाशी आहे, शेण टाक. दिसला नाही तर त्याचं पोट भरलंय. हात झटक आणि घरी ये.”

एवढंच माप. चाळीस वर्षं ह्या एका मापावर त्यांनी तळं सांभाळलं होतं.

मग माझे दिवस तसेच जाऊ लागले. उजाडताच गोठा, शेणाची पाटी, रांजण. टुनीला जुन्या साडीच्या झोळीत घालून नाहारच्या हवाली करायची आणि घाटावर उतरायचं. बाही खांद्यापर्यंत सरकवून, बांगड्या वर ढकलून, शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून हात पाण्यात घालायचा. पहिल्या दिवशी मला माझा तळवा तिथे खाली पिवळट, दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा दिसला. मी तिथूनच ओरडले, “दिसला.” पडवीतून आवाज आला, “मग टाक.”

अम्मांनी त्यावरून दोन दिवस ऐकवलं. सासऱ्याला हाका मारणारी सून त्यांच्या माहेरी कुणी बघितली नव्हती म्हणे. अब्बा म्हणाले, हाका नाहीत त्या, हिशेब आहे पाण्याचा. त्यांनी माझी बाजू घेतली तर अम्मांचं तोंड आणखीच लांब झालं. पण तिसऱ्या दिवसापासून काय झालं, मी घाटावर गेले की अम्माही कांदे चिरता चिरता थांबायच्या आणि कान द्यायच्या. दिसला. टाक. मग सुरीचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

शेणाचं पाणी डोक्यावरून मानेवर उतरायचं. काठाच्या निसरड्या मातीवरून बादली घेऊन फिरताना पायाची बोटं रोवावी लागत. टुनी तिकडे रडली की इकडे माझं पोलकं ओलं व्हायचं. घाटावर भांडी घासायला येणाऱ्या बायका हसत. एक म्हणाली, हातेमच्या तळ्यातल्या माशांची चैन आहे बाई, शेणही खातात आणि दूधही पितात. मी मान खाली घातली. घरी येऊन टुनीला जवळ घेतलं, तर माझ्या अंगाच्या वासानं तिनं तोंड फिरवलं. साबणानं तीनदा धुवून मग पाजलं.

तरी सांगते, मला ते दिवस आवडत होते. त्या घरात मी आले त्याला तीन वर्षं झाली होती आणि भातात मीठ किती घालायचं हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं. आता रोज सकाळी एका शब्दासाठी सगळं घर थांबत होतं, आणि तो शब्द माझा होता.

पाणी हिरवं होत गेलं. आधी कोवळ्या भातासारखं, मग पोपटी, मग गर्द. हात बाहेर काढला की लवेवर हिरवी साय राहायची. श्रावणाच्या शेवटी एकदा रोस्तम चाचा आले, काठावर सिगारेट ओढत उभे राहिले. मग पडवीत येऊन अब्बांना म्हणाले की भाईजान, पाणी जरा जादाच चढलंय, माझ्या तळ्याला असा रंग आला असता तर मी चुना मारला असता. अब्बा हसले. त्यांचं तोंड आता डाव्या बाजूनंच हसायचं. म्हणाले, तू सडकेवरून डोळ्यांनी बघतोस, माझी मा हातानं बघते. चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, दिसतो का तळवा? मी सांगितलं, दिसतो. खरंच दिसत होता. अंधूक, ढगाआडच्या चंद्रासारखा, पण दिसत होता. चाचा खांदे उडवून निघून गेले, आणि मला एवढं बरं वाटलं की त्या दिवशी मी एक बादली शेण जरा ऐटीतच टाकलं.

भादव्यात दुसऱ्या आठवड्यात आभाळ बसलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं. केळीचं पान हलत नव्हतं. अब्बांनी शेण बंद करायला सांगितलं, मी केलं. पेंड निम्मी करायला सांगितली, तीही केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेंडीच्या चौकटीत गोळा तसाच राहिला होता, कुणी तोंड लावलं नव्हतं. मी अब्बांना सांगितलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं. म्हणाले, उद्या सकाळी लवकर जा.

मी उजाडायच्या आत गेले. घाटावर पोचायच्या आधीच आवाज आला, खूप माणसं एकदम ओठ मिटून उघडतायत असा. पुच्, पुच्, पुच्. तळं तोंडांनी भरलं होतं. हिरवं पाणी रात्रीत चहासारखं लाल-काळं पडलं होतं आणि त्याला उकिरड्याचा वास येत होता. कोळंबी काठाला येऊन मातीत चढत होती, गोगलगायी गवताच्या काड्यांवर. आणि मधोमध कटले, पांढरी पोटं वर करून.

मी नाहारला हाक मारली. चाचा आणि त्यांचे दोन गडी धावत आले. केळीचे सोट तोडून पाणी बडवायला लागले, म्हणजे पाण्यात हवा जाईल. मी साडीसकट उतरले. छातीएवढ्या पाण्यात हात मारत, पाय मारत राहिले. पाणी वर कोमट होतं आणि पायाशी थंडगार. मासे अंगाला आपटत होते आणि पळत नव्हते. मासा माणसाला भीत नाही तेव्हा समजावं.

नवरी मला काठाच्या लव्हाळ्यात सापडली. एका कुशीवर पडलेली. मी तिला दोन्ही हातांवर घेतलं, तोंड पुढे करून पाण्यातून मागे-पुढे चालवलं, अब्बा जाळ्यातून दमलेल्या माशाला चालवायचे तसं. तिचे कल्ले माझ्या दंडाशी उघडत होते, मिटत होते. एवढी जड होती ती, टुनीपेक्षा कितीतरी जड. अंगणातून टुनीचं रडणं ऐकू आलं आणि माझ्या छातीला पान्हा आला, त्या घाणेरड्या पाण्यातच वाहून गेला. मी चालवत राहिले. मग केव्हातरी लक्षात आलं की कल्ले उघडलेत आणि मिटत नाहीत. नवरा आधीच गेला होता, गड्यानं तो काठावर टाकला होता. शेपटीची खाच मला लांबूनच दिसली.

सभोवार तिलापिया तोंडं उघडून जिवंत होती.

ऊन वर आलं तेव्हा मी पडवीसमोर उभी राहिले. साडीतून पाणी गळत होतं. अब्बा उशीला टेकून बसले होते. त्यांना आवाजावरून सगळं कळलं असणार, तरी विचारलं, “कोण कोण गेलं?”

माणसांबद्दल विचारावं तसं विचारलं.

“नवरा-नवरी. कटले सगळे. मृगळ थोडे राहिलेत.”

“तिलापिया?”

“ती आहे.”

“तिला काय होतंय,” अब्बा म्हणाले.

तोवर अम्मा, चाचा, चाची, शेजारच्या बायका, सगळे अंगणात जमले होते. अम्मांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या माझ्याकडे वळल्या. लेकराच्या नादात ही पोरगी पाण्याकडे बघते कुठे, त्या म्हणत होत्या, मी आधीच सांगत होते. चाची म्हणाली, नुसतं दिसला दिसला ओरडून तळं चालतं होय. मी टुनीला छातीशी धरून उभी होते. अब्बांनी डावा हात वर केला.

“तळवा दिसत होता, मा?”

“दिसत होता, अब्बा.”

“रोज?”

“रोज. अल्लाची शपथ.”

त्यांनी आपल्या मेलेल्या हाताकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मग पोरीचं काही चुकलं नाही. तिनं मी सांगितलं तेच केलं. माझ्याच डोक्यातलं माप सडलंय.”

बायका पांगल्या. मी आत जाऊन साडी बदलली, आणि खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात चूक झाली होती आणि ती माझी नव्हती.

मेलेले मासे काही सुकवायला गेले, बरेचसे केळींच्या मुळाशी पुरले. नवरी-नवऱ्याला अम्मांनी वेगळं पुरायला लावलं, लिंबाच्या झाडाखाली. चाचांनी तळ्यात चुना मारला आणि म्हणाले, आता हे मी बघतो. अब्बांनी फक्त मान हलवली.

त्यानंतर अब्बा बदलले. आजारानं बदलले नव्हते एवढे त्या सकाळीनं बदलले. आधी पडवीत पडल्या पडल्या सांगायचे, आज दुपारी पाऊस येणार, कपडे काढा. आता अम्मांनी विचारलं तरी म्हणत, मला कशाला विचारता. शेजारी बी-बियाण्याचं विचारायला आला तर त्याला म्हणाले, रोस्तमकडे जा. खाटेवर बसून नमाज पढताना मध्येच थांबत आणि हळू आवाजात अम्मांना विचारत, नमाजाच्या फेऱ्या दोन झाल्या की तीन? अम्मा सांगत, तीन. ते पुन्हा सुरू करत. ह्या माणसानं चाळीस वर्षं मशिदीत पहिल्या ओळीत नमाज पढला होता. मी चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि भात ढवळत राहायची.

कार्तिकात अम्मा नाहारच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला दोन दिवस बहिणीकडे गेल्या. अब्बांच्या हाताला तेल लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना लाज वाटत होती, मलाही. मी मोहरीचं तेल लसूण घालून कोमट केलं आणि खाटेशी बसले. त्यांनी तोंड केळींकडे वळवलं. मी त्यांचा हात माझ्या मांडीवर सरळ ठेवला आणि कोपरापासून खाली चोळत गेले. चोळत गेले, चोळत गेले, आणि हात संपेना.

मी थांबले. मग काही विचार न करता माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला, कोपराला कोपर लावून. माझा तळवा जिथे संपत होता तिथे त्यांचा नुकता सुरू होत होता.

चार बोटं. चांगली चार बोटं.

तेल माझ्या मनगटावरून खाली ओघळलं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं पाणी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. ज्या सकाळी त्यांचा तळवा दिसेनासा झाला असता आणि ते हात झटकून घरी आले असते, त्या सकाळी मला माझा दिसत होता. मी ओरडत होते, दिसला, आणि ते म्हणत होते, टाक. त्यांचं माप सडलं नव्हतं. चाळीस वर्षं होतं तसंच ते होतं, फक्त दुसऱ्याच्या हातावर चढवलं होतं. त्यांच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. कोपर म्हणजे कोपर, एवढंच आम्ही दोघं समजलो.

“काय झालं, मा?” अब्बांनी तोंड न वळवता विचारलं.

मी म्हणाले, “काही नाही. तेल गरम होतं.”

त्या क्षणी सांगायचं होतं. मी तो क्षण किती वेळा परत जगले आहे, भाकरी भाजताना, टुनीला झोपवताना, कपडे पिळताना. दोन वाक्यांचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते अंगण आलं, अम्मांचं कपाळ आणि चाचीचं तोंड. सांगितलं की अब्बा ते सगळ्यांना सांगणार, ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. मग जन्मभर मी आखूड हाताची सून, जिनं नणंदेची जोडी मारली. मी ठरवलं, लग्न होऊ दे. पाहुणे जाऊ देत, माझा नवरा येईल तेव्हा आधी त्याला सांगेन, मग तो सांगेल. असे दिवस मी पुढे ढकलले.

एवढं मात्र केलं. अंगणातल्या तागाच्या काड्यांतून एक सरळ काडी घेतली, दुसऱ्या दिवशी तेल लावताना त्यांच्या हाताशी धरली आणि नखानं दोन खुणा केल्या, एक कोपराशी, एक तळव्याच्या मध्याशी. अब्बांनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, टुनीच्या खेळण्यासाठी. ती काडी मी पत्र्याच्या वळचणीला खोचली.

मार्गशीर्षात हळदीची जोडी चाचांनी बाजारातून आणली. बर्फातून काढलेले मोठे रोहू, डोळे पांढुरके झालेले. थोरल्या नणंदांनी त्यांना लुंगी नेसवली, साडी नेसवली, नथ घातली, तोंडात पानाचा विडा दिला. खूप छान दिसत होते. पाठवण्याआधी पद्धत म्हणून परात अब्बांपुढे आणली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं नवरीच्या कल्ल्याची झाकणी उचलून बघितली आणि खाली ठेवली.

“कुठल्या पाण्यातली?” त्यांनी विचारलं.

“बाजारातली, भाईजान,” चाचा हसून म्हणाले. “पाण्याचं कोण विचारतंय आता.”

अब्बाही हसले, त्या डाव्या बाजूनं. म्हणाले, खरंय. मग त्यांनी नाहारला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाप चुकला तुझा. नाहार रडायला लागली, सगळ्यांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते. मी दारामागे उभी होते. वळचणीतली काडी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती.

नाहार गेली. माझा नवरा दोनच दिवसांची सुट्टी घेऊन आला होता, ते मंडप काढण्यात आणि उसनी भांडी परत करण्यात गेले. त्यालाही सांगायचं राहिलं. मग टुनीला ताप आला, आठ दिवस. पौषात थंडी पडली आणि अब्बांची खाट आत घेतली. एका दुपारी मी ठरवलं, आज. चूल शांत होती, अम्मा झोपल्या होत्या. मी वळचणीतून काडी काढली आणि आत गेले. अब्बा जागे होते. मला बघून म्हणाले, “बरं झालं आलीस, मा. जरा बघ, दुपारचा नमाज मी पढलो का गं?”

मी म्हणाले, पढलात, अब्बा. खरं तर मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, बरं, आणि त्यांनी डोळे मिटले. काडी माझ्या पाठीमागे होती. मी मनाशी म्हटलं, झोपू दे, उद्या.

त्या रात्री पहाटेकडे दुसरा झटका आला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. कबर त्यांच्या मापाची खणायला लागली तेव्हा बांबूच्या बनात खणणारे म्हणाले, हातेम मियाँला जागा जास्तीच लागते. कुणी हसलं.

चैत्रात चाचांचं लक्ष पुन्हा सडकेच्या तळ्यांकडे गेलं. आमच्या तळ्यात नुसती तिलापियाच तिलापिया माजली होती, तळहाताएवढी, वाढ खुंटलेली. अम्मांनी एका सकाळी कोंड्याचं टोपलं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि आत गेल्या. मी जाळं ओढून घेतलं, निम्मी तिलापिया वाटून टाकली, बोटाएवढे रोहू आणि कटले आणून सोडले. रांजणात शेण भिजवलं.

तागाच्या काडीला तळव्याच्या खुणेशी मी फुटक्या बशीचा पांढरा तुकडा बांधला आहे. चौथ्या दिवशी टुनीला कडेवर घेऊन घाटावर उतरले. ऊन कोवळं होतं, पाणी पोपटी. आधी सवयीनं बाही सरकवली आणि माझाच हात बुडवला, कोपरापर्यंत. तळवा दिसत होता. छान दिसत होता. मी मान वळवून पडवीकडे बघितलं. अम्मा कांदे चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली होती.

मी हात बाहेर काढला आणि काडी बुडवली, त्यांच्या कोपरापर्यंत. वाकून बघितलं. टुनीही वाकली. हिरव्यात पांढरं कुठे काही नव्हतं.

मी काडी झटकली आणि घरी आले.